चंद्रीची अकरा वेतं

एक गाय वर्षात अकरा वेळा व्याली. हे मी कुणाला सांगू? पण आमचा डॅशबोर्ड तसंच म्हणत होता.

सावेडीतल्या दोन खोल्यांत मी, राजेश्वरी, आणि माझा भागीदार फैयाज 'गोठा' नावाचं सॉफ्टवेअर चालवतो. सगळं क्लाउडवर. फोनवर गायीची नोंद करायची, ती भरवल्याची, म्हणजे रेतनाची, तारीख टाकायची. लस कधी, विणार कधी, मेसेज आपोआप येतात. एक गाय फुकट, दुसरीपासून महिन्याचं भाडं. दोन वर्षं रेटलं, आणि आता पुण्याच्या एक बाई पैसे घालणार की नाही, ते सोमवारी ठरणार होतं. नाही म्हणाल्या तर मार्चमध्ये कुलूप.

आणि त्यात ही चंद्री! अकरा वेतं, त्यातली दोन एकाच दिवशी. खातं एक, फोन सदतीस.

"कोड तीनदा तपासला," फैयाज म्हणाला. "आता गायीलाच विचार जाऊन."

"तुला थट्टा सुचतेय? बाईंनी हा आकडा पाहिला तर हसून हाकलतील आपल्याला!"

डोक्याचा नुसता भुगा झाला होता. रागाच्या भरात मी ते खातंच बंद केलं. आकडे झटक्यात स्वच्छ झाले आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण चंद्री काही डोक्यातून जाईना. पाच दिवसांनी, शनिवारी, एसटी धरली आणि पाथर्डीच्या पुढं, खात्यावरच्या पत्त्यावर गेले.

पत्ता दूध संकलन केंद्राचा निघाला. केंद्र चालवणारे काकासाहेब लगबगीनं उठले. "गोठावाल्या ताई व्हय? या, या. पाच दिस मेसेज बंद हाय बघा. आमी म्हनलं, रेंज गेली आसंल."

"काका, चंद्री कुणाची?"

"माझी. पार म्हातारी झाली. दोन वरीस भाकड हाय."

"मग अकरा वेळा व्याली कोण?"

वेडी मीच आहे असं ते बघत राहिले. "गावाच्या गाया की! खाली लिवलंय न्हवं, कुनाची कुठली ते."

मी फोन उघडला. नोंदीखाली शेरा लिहायची जागा होती, तो शेरा मेसेजातही जायचा. मीच ठेवलेली, मीच कधी न वाचलेली. 'हनुमंताची शिंगमोडी.' 'पुष्पावतीची काळी.' 'अंगदची जर्सी, लाथ मारती.'

"फुकटात बसावं म्हणून ना?" माझा आवाज चढला.

"आवं, पैशाचं न्हाई ताई. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. गाय मागं ऱ्हाती, कुनाच्या तरी दावणीला. मालकाला तिकडं फडात मेसेज जाऊन काय उपेग? सगळ्यांला आला की जो घरी हाय तो बघतो. म्हनून एकच खातं केलं."

पासवर्ड फळ्यावर होता, दुधाच्या दराखाली, खडूनं लिहिलेला.

मला काही समजेना. याला चोरी म्हणायचं की काय म्हणायचं? आणि सोमवारी काय सांगायचं, ग्राहक एक की सदतीस?

तेवढ्यात दूध घालायला आलेली एक बाई, सत्यशीला, किटली तशीच धरून पुढं आली. "ताई, पुष्पावती तोडीला गेलीय. तिची काळी माझ्याकडं हाय. कास भरली हुती, पन मेसेज न्हाई. म्हनलं, अजून टाइम हाय. काल कांदं लावायला गेले. परत येईतवर वासरू अडून मेलं हुतं. कालवड हुती." तिनं किटली खाली ठेवली. "पुष्पीला अजून सांगितलं न्हाई. माझं कुठं चुकलं, तेवढं बघता का?"

"तुजं काय चुकतंय?" काकासाहेब म्हणाले. "रेंज न्हवती."

"रेंज होती," मी म्हणाले. "खातं मी बंद केलं होतं."

  मी तिथंच फोनवरून खातं चालू केलं. अडकलेले मेसेज सुटले, आणि केंद्रातले सगळे फोन एकदम वाजायला लागले.

सत्यशीलानं पदराला हात पुसून फोन काढला, सावकाश वाचला आणि माझ्यापुढं धरला. 'पुष्पावतीची काळी. दोन दिवसांत विणार. जवळ थांबा.'

"आला बघा," ती म्हणाली.