जंगलरस्त्याच्या कागदावरचा शिक्का

सत्यजित काणेला लोक वेडा म्हणायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. रविवारी पहाटे पाचला उठायचं, जुनी अडीचशे सीसीची मोटरसायकल काढायची, जपानातल्या इचिकावाहून दोन तास दक्षिणेला चिबाच्या डोंगरात जायचं, आणि तिथे जाऊन काय करायचं? तर चर खणायचे. आडवे पडलेले बांबू कापायचे. खड्ड्यांत खडी ओतायची. आठवडाभर कावासाकीत कॉम्प्युटरसमोर बसणारा हा माणूस रविवारी चिखलात लोळून खुशीत घरी यायचा, आणि बायको वृंदा त्याचे कपडे बाल्कनीतच उतरवून घ्यायची. "पुण्यात घरचा नळ गळत होता तर प्लंबर बोलावलास," ती म्हणायची, "आणि इथे कुणाच्या कोण डोंगराचा रस्ता फुकटात दुरुस्त करतोस!"

रस्ता म्हणजे तीन किलोमीटरचा कच्चा जंगलरस्ता, जपानीत रिंदो. कधीकाळी त्यावरून लाकडाचे ट्रक जायचे, आता फक्त मोटरसायकलवाले. अशा बारा जणांचा एक ग्रुप होता. बहुतेक निवृत्त, आणि सगळ्यांत थोरले नेमोतो-सान, वय चौऱ्याहत्तर, पण बाईकवर अजून ताठ. बाईक चालवायची तर रस्ता आपणच राखायचा, हा त्यांचा नियम. आसपासचे असे रस्ते एकेक करून बाईकना बंद झाले होते. हा शेवटचा उरला होता. हाही गेला की मी बाईक विकून टाकणार, असं नेमोतो-सान दर रविवारी डबा खाताना सांगायचे.

मागच्या वर्षीच्या वादळात वरचं वळण खचलं. ते काही फावड्याने होणारं काम नव्हतं, मशीन हवं होतं. गावच्या पालिकेकडे डोंगरातल्या वाटांच्या देखभालीसाठी सरकारी अनुदान यायचं, पण अर्जाला ग्रुपचा प्रमुख लागायचा. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नेमोतो-सान म्हणाले, "सत्या-कुन होऊ दे. हा पोरगा पावसातसुद्धा येतो." नावापुढे 'सान' लावतात अदबीने, 'कुन' मात्र घरच्या पोराला. अकरा जपानी माणसांनी पुण्याच्या काण्यांना प्रमुख केलं! त्या दिवशी स्वारी घरी आली ती हवेत तरंगतच.

पण अर्ज जपानीत, आणि सत्यजितचं जपानी दुकानात आणि ऑफिसात जेमतेम निभावण्यापुरतं. मग आठवला हरीश. राहायला ओजिमाला, मित्र थेट कॉलेजच्या होस्टेलपासूनचा. हरीशचं जपानी असं, की फोनवर बोलला तर हा आपल्याकडचा आहे हे कुणाला कळायचं नाही. त्याला बाईकचं काडीचं वेड नव्हतं, तरी तो एका पायावर तयार झाला. पालिका शनिवार-रविवार बंद, सत्यजितला रजा मिळेना, म्हणून खेपाही हरीशच घालू लागला. खेपेला एक नवा कागद, आणि कागदाला प्रमुखाचा शिक्का. जपानात सहीच्या जागी नावाचा छोटा शिक्का मारतात, आणि तो शिक्का माणसं जिवापाड जपतात, बायकोच्या हातातसुद्धा सहज देत नाहीत. सत्यजितने तो डबीसकट हरीशच्या हातात ठेवला. "ठेव तुझ्याकडेच. दर वेळी कुठे इचिकावाला धावत येतोस?" होस्टेलमध्ये चार वर्षं एकमेकांच्या हजेऱ्या लावलेली माणसं ही. त्यांना शिक्क्याचं काय एवढं!

नोव्हेंबरात अनुदान मंजूर झालं. जानेवारीत मशीन आलं, खचलेलं वळण दगड रचून बांधून काढलं, पाण्याला पाईप टाकले. मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी उद्घाटन ठरलं, वरच्या मोकळ्या पटांगणात. बाराही जण नव्या रस्त्यावरून बाईक चालवत वर गेले. त्या वळणावर नेमोतो-सान थांबले, हेल्मेटची काच वर केली आणि सत्यजितच्या पाठीत असा काही धपाटा घातला की तो पडता पडता वाचला. एवढा आनंद त्याला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या, पांढऱ्या कापडाने झाकलेला एक फलक होता. सुटाबुटातला हरीश आधीच येऊन बसला होता. भाषण झालं. सत्यजितला आभारपत्र मिळालं, हरीशलाही मिळालं, "स्थानिक कामात परदेशी नागरिकाचं योगदान" म्हणून, नगराध्यक्षांच्या सहीचं. मग कापड ओढलं. फलकावर लिहिलं होतं, निसर्ग पायवाट. आणि त्याखाली लाल वर्तुळात, तिरकी रेघ मारलेली मोटरसायकल.

आधी सत्यजितला वाटलं, चुकून दुसरीकडचा फलक आलाय. पण पालिकेच्या ओनुकी-सान माइकवर सांगत होत्या, की मोटरसायकलवाल्यांनी स्वतःहून या रस्त्यावरचा हक्क सोडला आणि तो पायी फिरणाऱ्यांसाठी खुला केला, केवढं हे मोठं मन! टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले अकरा म्हातारे टाळ्या वाजवत नव्हते.

नेमोतो-सान उठले. "आम्ही कधी सोडला हक्क?" आवाज चढला नाही. ओनुकी-सान गडबडल्या, फाइल उघडून कागद घेऊन आल्या. ऑक्टोबरातलं संमतिपत्र. वाहनांची वाट म्हणून केलेला अर्ज पायवाट म्हणून बदलून घेण्यास ग्रुपची हरकत नाही. खाली लालभडक, गोल, स्पष्ट शिक्का: काणे.

"काणे-सान," ओनुकी-सान अदबीने म्हणाल्या, "हा शिक्का आपणच मारलात ना?"

सत्यजितने हरीशकडे पाहिलं. हरीशचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसऱ्याचा शिक्का न विचारता सरकारी कागदावर मारणं म्हणजे तिथे पोलीस केस. हरीशने कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज भरलेला, हे सत्यजितला माहीत होतं. केस झाली तर व्हिसाही गेला. त्याची बायको विभा तर कशीबशी निभावेल, पण दुसरीतली लेक ओवी? ती आईशीसुद्धा जपानीतच बोलते, तिला एका महिन्यात उचलून कुठे नेऊन टाकायची? एक "नाही" म्हणायचं, की नेमोतो-सान आपले आणि हरीश संपला. अरे देवा, कुठून याला शिक्का दिला!

"हो," तो म्हणाला. "मीच मारला."

नेमोतो-सान त्याच्यासमोर आले. मग कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला, परक्या माणसाला करतात तसा. "काणे-सान, इतके दिवस आपण फार कष्ट घेतलेत. आभारी आहे." सत्या-कुन नाही, काणे-सान. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढचं तर आणखीनच भारी. नियम आजपासून लागू, तेव्हा बाईक कृपया इंजिन बंद ठेवून हाताने ढकलत खाली न्याव्यात, अशी विनंती झाली. कुणी एका शब्दाने वाद घातला नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने हेल्मेट हँडलला अडकवलं आणि बाईक ढकलायला सुरुवात केली. सत्यजित मदतीला धावला, तर नेमोतो-सान नुसतं म्हणाले, "आपण त्रास घेऊ नये." तो मागेच राहिला.

दुसऱ्या वळणावर हरीशने त्याला गाठलं, बुटांना चिखल लागू न देता, कडेकडेने.

"सत्या, ऐक ना. वाहनांच्या वाटांसाठी यंदा पैसेच नव्हते. पायवाटांसाठी होते. मी सांगणारच होतो तुला."

"ऑक्टोबरात का नाही सांगितलंस?"

"तू अर्जच मागे घेतला असतास."

"घेतलाच असता! मोडका असता, पण आमचा असता ना रस्ता!"

"आणि मला ते पत्र हवं होतं रे," हरीश खाली बघत म्हणाला. "कायमच्या वास्तव्याच्या फाइलला लावायला. समाजकार्य म्हणून. माझ्याकडे दुसरं काय होतं?"

सत्यजितने बाईक थांबवली. "आणि मघाशी मी नाही म्हटलं असतं तर? विचार केला होतास त्याचा?"

"छे!" हरीशच्या चेहऱ्यावर इतक्या वेळाने हसू आलं, सुटल्याचं. "तू माझं नाव घेशील? शक्यच नाही. ते मला पक्कं ठाऊक होतं."

इतका वेळ सत्यजितला राग होता तो रस्त्याचा. तो राग एकदम बाजूला पडला. म्हणजे मघाशी याचा चेहरा पांढरा पडला तो घडीभरच. ऑक्टोबरात शिक्का मारताना तर याला भीतीसुद्धा वाटली नव्हती. पकडलो गेलो तर सत्या आहे, हे आधीच ठरवून हा स्वस्थ बसला होता. हजेरी लावायलासुद्धा होस्टेलमध्ये एकमेकांना विचारायचे ते. मेल्या, तेवढं तरी विचारायचंस!

तिथून पुढे उतार तीव्र होता, बाईक पुढे ओढत होती. हरीशने मागचं कॅरिअर धरलं.

"हात काढ."

"अरे, घसरेल. एकट्याला झेपणार नाही तुला."

"हात काढ म्हणतो ना!"

हरीशने हात काढला. खाली, पुढच्या वळणावर, अकरा माणसं एकामागोमाग एक आपापल्या बाईक ढकलत चालली होती आणि एकही मागे वळून बघत नव्हता. सत्यजितने ब्रेक घट्ट आवळला आणि त्यांना गाठू नये इतकं अंतर राखत तो एकटाच उतरू लागला.