पडलेली पोरं

"इतकी पोरं पडतात का हो, काका?"

मयुरीनं विचारलं तेव्हा लहानू दुर्गे उकळत्या पाण्यातून चिमटे उपसून ट्रेमध्ये ठेवत होता. ऐकू आलं नाही असं दाखवून त्यानं आणखी दोन कात्र्या काढल्या. पण पोरगी चिवट होती. नागपूरच्या कुठल्याशा संस्थेकडून आली होती. आजकाल वयात येणाऱ्या पोरांचं कसं चाललंय, घरात, शाळेत, मोबाइलवर त्यांना काय काय सोसावं लागतं, याचा अभ्यास करत होती. तीन दिवसांपासून बेलघाटच्या ग्रामीण रुग्णालयातल्या ड्रेसिंगच्या खोलीत स्टुलावर बसून ती जुनी रजिस्टरं चाळत होती. नावं तिला नको होती. फक्त वय आणि जखमेचं कारण.

"पाच वर्षांत तेरा ते एकोणीस वयाची दोनशे चौदा पोरं," ती म्हणाली. "सायकलवरून पडला. झाडावरून पडला. बाथरूममध्ये पडली. मारहाण म्हणून फक्त तीन."

"खदानीचा इलाका हाय, मॅडम. रस्ते खराब."

"बाथरूममध्ये कुठला रस्ता, काका?"

लहानूनं चिमटा खाली ठेवला.

एकतीस वर्षं तो या खोलीत होता. झाडूवाला म्हणून लागला, जुन्या ड्रेसरच्या हाताखाली टाके घालायला शिकला आणि मग तोच ड्रेसर झाला. घुग्घुसच्या बाजूनं कोळशाचे ट्रक यायचे, ट्रकांखाली माणसं यायची, आणि उरलीसुरली लहानूच्या टेबलावर यायची. डॉक्टर बदलत गेले, लहानू राहिला. जखम बघितली की ती कशानं झाली हे त्याला माणूस तोंड उघडायच्या आत कळायचं. काठीची जखम वेगळी, विळ्याची वेगळी, दाताची वेगळी. पण कळणं एक आणि लिहिणं एक. मारहाण लिहिलं की पोलिसांना कळवा, पोलीस आले की साक्षी, साक्षी आल्या की डॉक्टरांच्या कोर्टाच्या तारखा. पोरांचे आईबाप हात जोडायचे, भाऊ, घरातली गोष्ट हाय. डॉक्टरही 'पडला' हा शब्द वाचून सही करून टाकायचे. कोणाचं घर मोडू नये म्हणून आपण हे करतो, असं लहानू स्वतःला सांगायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

हात पुसत तो मयुरीच्या शेजारी येऊन उभा राहिला. उघड्या पानावर त्यानं बोट ठेवलं.

"हे पोरगी. बाथरूमात नाई पडली. मोबाइल पाह्यला तिचा भावानं. त्यानं डोकं आपटलं नळावर." बोट खाली सरकलं. "हा सायकलवरून नाई पडला. शाळेच्या मागं चौघांनी पाडला. एकजण वर उभा राहून शूटिंग करत होता म्हणे. अन् हे... हे पडलीच नाई. इनंच आपल्या हातानं ब्लेड मारून घेतलं. मायनं सांगितलं, काच लागली. मी काच लिवलं."

मयुरीचं पेन थांबलं होतं. तिला विचारायचं होतं ते सगळं लहानू आपण होऊन सांगत होता, आणि आता तिला ते ऐकवत नव्हतं.

बोट एका ओळीवर आलं आणि हललं नाही. मुलगा, वय तेरा, झाडावरून पडला.

"याले बापानं पट्ट्यानं मारलं होतं. बक्कल कानाखाली घुसलं. सात टाके. पाठीवर चौकोन चौकोन वण उठले होते. बाप डंपरवर डायवर, पोचू नावाचा. रडून राह्यला होता इथी उभा राहून. नोकरी जाईल म्हणे. झाडावरून पडला म्हणा, हे त्याले मीच सुचवलं, मॅडम. पोरगं माह्या पेनाकडं पाहून राह्यलं होतं."

बाहेर गडबड ऐकू आली. पुनम सिस्टर एका पोराला दंडाला धरून आत घेऊन आली. पंधराएक वर्षांचा, शाळेचा शर्ट रक्तानं पुढून पूर्ण भिजलेला. डोक्यावरचा रुमाल काढला तसा रक्ताचा ओघळ कपाळावरून डोळ्यात गेला.

"अश्विन नाव हाय. दहावीत हाय म्हणते," सिस्टर म्हणाली. "दोनदा ओकला दारात. डॉक्टरसाहेब ओपीडीतून येऊनच राह्यले. तोवर तुम्ही रक्त थांबवा, भाऊ. मी सलाइन आणते."

लहानूनं त्याला टेबलावर निजवलं, केस कापले, जखम धुतली. कानाच्या वर चंद्रकोरीसारखी फाटलेली कातडी. शेजारी तशीच दुसरी, थोडी लहान. हातातल्या लोखंडी कड्याचे घाव होते ते. एकदा नाही, नेम धरून दोनदा.

"काय झालं रे?"

"पडलो," अश्विन म्हणाला.

लहानूनं सुन्न करायचं इंजेक्शन दिलं आणि सुई घेतली. तिसरा टाका पडला तेव्हा दार लाथेनं उघडलं. तीन पोरं आत आली. पुढचा सतरा वर्षांचा, उंच, मिशी नुकती फुटलेली. उजव्या हातात कडं. मागचे दोघे दाराशीच थांबले, एकाच्या हातात मोबाइल होता.

"पडला तो गाडीवरून," उंच पोरगा म्हणाला. "लिवा, काका. अन् तू सांग बे, पडला ना?"

अश्विननं टेबलाची कड घट्ट धरली. "हाव. पडलो."

"काऊन मारलं याले?" लहानूनं वर न बघता चौथा टाका घेतला.

"माह्या रीलखाली हसला हा. सगळ्या शाळेसमोर. मी काय जोकर हाय?"

लहानूनं दोरा कापला आणि वर बघितलं. पोराच्या उजव्या कानाखाली एक जुना वण होता, सात टाक्यांचा. आपलं काम आपल्याला ओळखू येतंच. पोचूचा प्रणित.

अजून तीन टाके बाकी होते. लहानूनं जखमेवर गॉझ दाबून अश्विनचाच हात त्यावर ठेवला. मग तो रजिस्टरापाशी गेला, कोरी ओळ शोधली आणि लिहिलं: मारहाण. कड्यानं.

"सिस्टर!" त्यानं दाराकडे हाक मारली. "साहेबांले सांगा, पोलीस केस हाय. फोन करा."

"काय लिवलं?" प्रणित झेपावला. "काय लिवलं बे बुढ्या?"

त्यानं रजिस्टर ओढलं. लहानूनं सोडलं नाही. बाजूला सलाइनचा लोखंडी स्टँड उभा होता, तो प्रणितनं दोन्ही हातांनी उचलला. पहिला घाव रजिस्टर धरलेल्या डाव्या हातावर बसला आणि मनगटातून काडकन आवाज आला. दुसरा भुवईवर. लहानू खाली कोसळला, त्याला एका डोळ्यानं दिसेनासं झालं. मयुरीनं मागून प्रणितचा शर्ट धरला. त्यानं तिला कोपरानं असं ढकललं की ती भिंतीवर आपटून खाली बसली. दाराशी मोबाइल वर धरलेलाच होता.

प्रणित टेबलाकडे वळला. "हस! आता हस ना!"

स्टँड अश्विनच्या पायावर आदळला. अश्विन ओरडला. तो आवाज ऐकून लहानू उठला आणि पोराच्या अंगावर आडवा पडला. तिसरा घाव, चौथा घाव त्याच्या पाठीवर पडले. खाली पोराचं काळीज धडधडत होतं, ते त्याला आपल्या छातीला लागत होतं. मोजायचं त्यानं सोडून दिलं.

मग काच फुटल्याचा आवाज आला.

स्टँड फेकून प्रणितनं औषधांच्या कपाटावर मूठ मारली होती. हात कोपरापर्यंत आत गेला आणि त्यानं तो तसाच ओढून घेतला. मनगटाच्या वरून रक्ताची धार भिंतीवर उडाली. दाराशी असलेले दोघे पळाले. प्रणितनं आपल्या हाताकडे बघितलं, मग लहानूकडे, आणि एकदम त्याचा आवाज लहान झाला.

"काका, थांबून नाई राह्यलं हे."

लहानू टेबलावरून उतरला. एका डोळ्यानं बघत, लोंबता डावा हात पोटाशी धरून तो गेला, प्रणितच्या दंडातली नस चांगल्या हाताच्या अंगठ्यानं दाबली आणि त्याला खाली फरशीवर बसवलं. पुनम सिस्टर धावत आली.

"पट्टी बांधा, सिस्टर. घट्ट. मी सोडत नाई."

दोघं काचेच्या चुऱ्यात बसले होते. प्रणितचे दात वाजत होते.

"तुम्हाले मालूम होतं," तो म्हणाला. "तवा. मले बापानं मारलं होतं, तुम्हाले मालूम होतं."

"हाव. मालूम होतं."

"मंग काऊन नाई लिवलं?"

बापाची नोकरी, पोलीस, कोर्ट, घर. एकतीस वर्षं पुरलेली सगळी उत्तरं लहानूला आठवली.

"चूक झाली माह्यी."

"चूक!" प्रणित हसल्यासारखा आवाज करून म्हणाला. "त्या दिवसापासून बापाले समजलं, कोणीच लिवत नाई. मंग रोज मारे तो. रोज."

लहानूनं अंगठा हलू दिला नाही. मयुरी भिंतीशी बसूनच ऐकत होती. तिचे कागद फरशीवर पसरले होते आणि ती ते गोळा करत नव्हती.

डॉक्टर आले, हवालदार आला. अश्विनचे उरलेले टाके डॉक्टरांनी स्वतः घातले, पण तो पुन्हा ओकला तेव्हा ते म्हणाले, डोक्याचा फोटो काढावा लागेल, चंद्रपूरला न्या. प्रणितची नस शिवायलाही चंद्रपूरच. लहानूचं मनगट दोन जागी मोडलेलं, आणि भुवईला टाके हवेत, पण बेलघाटात बारीक टाके घालणारा माणूस तोच एक होता. अ‍ॅम्ब्युलन्सही एकच होती. तिघांना एकाच गाडीत घातलं.

गाडी निघायच्या आधी मयुरी मागच्या दाराशी आली. तिच्या गालावर निळं पडत होतं.

"काका, त्या बाकीच्या ओळी?"

"थांबजा तुम्ही. परत आलो का सांगतो एकेक," लहानू म्हणाला. "सगळ्या सांगतो. मले पाठ हायेत."

आत अश्विन स्ट्रेचरवर निजला होता. त्याच्या उशाशी लहानू, समोरच्या फळीवर प्रणित आणि हवालदार. अश्विनच्या सलाइनची बाटली अडकवायचा हूक तुटलेला होता, म्हणून लहानूनं ती उजव्या हातानं वर धरली. रस्ता खाचखळग्यांचा. प्रत्येक खड्ड्याला मोडलेलं मनगट आतून पेटत होतं आणि पाठीतले घाव जागे होत होते. पाच किलोमीटरनंतर बाटली हळूहळू खाली येऊ लागली.

प्रणित ते बघत होता. बराच वेळ बघून त्यानं पट्टी नसलेला हात पुढं केला.

"द्या, काका. मी धरतो."

लहानूनं अश्विनकडे बघितलं. पोरगा शुद्धीत होता. पुढं आलेल्या हाताकडे त्यानं एकदा बघितलं आणि अंगावरच्या चादरीचं टोक मुठीत धरलं.

"राहू दे," लहानू प्रणितला म्हणाला.

प्रणितचा हात थोडा वेळ हवेतच राहिला. मग तो त्यानं मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. पुढं कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती. ड्रायव्हर सायरन वाजवत होता, कोणी बाजूला होत नव्हतं. चंद्रपूर अजून वीस किलोमीटर होतं. लहानूनं कोपर गाडीच्या पत्र्याला टेकवलं आणि बाटली जराशी आणखी वर उचलून धरली.