वरच्या मजल्याचं वजन

आमच्या भाऊजींनी जन्मभर इमारतींवर येणारे भार मोजले. ताईला पहिल्यांदा भेटले तेव्हा तिच्याआधी त्यांनी छताची तुळई न्याहाळली, असं मी चारचौघांत सांगतो. ताई म्हणते, हा थापाड्या आहे. भाऊजी मात्र नाही म्हणत नाहीत.

स्वतःचं घर त्यांनी एकमजलीच बांधलं, पण पाया आणि खांब दोन मजल्यांचे. वरचा मजला मुलासाठी. तो परदेशातून परतला की चढवायचा, म्हणून खांबांच्या सळया गच्चीवर हातभर उघड्या ठेवल्या.

"घराचं वजन, वाऱ्याचा रेटा, भूकंपाचा हिसका, सगळं धरलंय," ते म्हणायचे. "राहिली फक्त माणसं."

नवं छत तपासताना त्यावर वाळूची पोती रचतात आणि ते किती वाकतं ते बघतात. मग पोती उतरवतात. ह्यांनी त्यातली दोन उतरवलीच नाहीत. एक मुलाच्या वजनाचं, एक सुनेच्या. नात झाली तशी एक पिशवी आली. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "छोटीचं वजन किती झालं?" मुलाला वाटायचं, बाबांना काळजी. इकडे पिशवीत मगभर वाळू पडायची.

गच्चीवर मी जरा पाय आपटला की लगेच दटावणी. "हळू. हलता भार जास्त धरावा लागतो."

एवढ्या दणकट पायावर एवढं हलकं घर, ते वर्षाला बोटभर वर यायला लागलं. शपथेवर सांगतो, दारातली पायरी मला दर खेपेला उंच लागायची.

"घर नाही रे, तुझे गुडघे गेलेत," ताई म्हणाली.

मग एक दिवस मुलाचा फोन आला. त्यानं तिकडंच घर घेतलं होतं. "आता आमचं परत येणं नाही, बाबा. त्या सळयांवाटे पाणी मुरतंय म्हणता ना, कापून टाका."

"बरं," भाऊजी म्हणाले. त्या दिवशी वजन विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी वेल्डर ग्राइंडर घेऊन आला. एकेक सळई किंचाळत तुटत होती आणि भाऊजी तुटलेला तुकडा हातानं धरून अलगद खाली ठेवत होते.

"ही पोती?" वेल्डरनं विचारलं.

"मोठी दोन्ही रिकामी कर."

चहा घेऊन आलेल्या ताईनं ट्रे कठड्यावर ठेवला आणि वाकून ती लहान पिशवी उचलली. नातीला तिनं कधी हातात घेतलेलं नव्हतं. सगळी ओळख फोनच्या काचेतून.

"एवढी झाली?" ती म्हणाली.

"मागच्या महिन्यापर्यंतची आहे," भाऊजी म्हणाले.

ताईनं पिशवी कमरेवर घेतली, पदरानं तिच्यावरची धूळ पुसली आणि उभ्या उभ्या डोलायला लागली, या पायावरून त्या पायावर. मी भाऊजींकडे बघितलं. आता दटावतील.

ते वेल्डरकडे वळले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मशीन बंद कर जरा."