पेवातली बाटली

आमच्या आडगावात कुणालाबी विचारा, कुसाबाईच्या पेवातला दाणा कधी किडला नाय. पडवीखालचं ते धान्याचं तळघर म्हणजे माझी इज्जत हाय. त्यात दहा वर्षं दारूच्या बाटल्या पडून होत्या, याचा मात्र मी गावाला पत्ता लागू दिला नाय!

दारू पंचवटीतल्या रुस्तमजी डॉक्टरांची. आमच्या मालकांना विषमज्वर झाला तेव्हा त्यांनी अक्षरशः ओढून परत आणलं, आणि वर एक पैसा घेईनात. मी लय गळ घातली तेव्हा म्हणाले, "बाई, फ्रान्सची लाल वाइन आहे माझ्याकडे. माझं घर उन्हाळ्यात तापतं. तुझ्या पेवात दहा वर्षं गारव्याला राहू दे." बुचं सुकू नयेत म्हणून बाटल्या आडव्या निजवल्या आणि त्या पेवाचं तोंड लिंपून टाकलं; दाण्याला शेजारचं दुसरं पेव होतं. माझ्या कुंकवाच्या बदल्यात एवढंच तर सांभाळायचं होतं.

दहा वर्षं भरली तशी छत्तीस साली डॉक्टर बाटली उघडायला आले, संगती मुंबईचे मेव्हणे फिरोजशेठ. या शेठचं म्हणणं, नाशिकच्या मातीत बाजरी ठेवावी, वाइन ठेवली की आंबून सिरका होतो. ऐकून माझं डोकंच फिरलं.

मालकांनी पेवाचं तोंड उघडलं, पण लगेच उतरले नाय. आत कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. त्यांनी दिवा खाली सोडला, तो विझला. बऱ्याच वेळानं पुन्हा सोडला, तो जळत राहिला, तेव्हा कुठं उतरले. तोवर शेठची नुसती चुळबुळ.

मालकांनी वर आणलेल्या बाटलीचं डॉक्टरांनी बूच काढलं. शेठनी घाईनं घोट घेतला आणि माझ्या सारवलेल्या अंगणात थुंकले! "सिरका! सांगितलं नव्हतं?"

डॉक्टरांनी चाखली. "तुरट लागते खरी," म्हणाले आणि पेला खाली ठेवला. यांनी माझा माणूस परत दिला, आणि मी त्यांची ठेव नासवली?

वाईट वाटलं की मला रागच येतो. "अहो शेठ, इतकी वर्षं कोंडलेल्या पेवात तुम्ही लगेच उतरला असता का? मग उघडल्याबरोबर त्या बाटलीनं तरी गोड का लागावं? तिला बी वारा लागू द्या! चला, जेवायला बसा, मटण निवतंय."

मला वाइनमधलं काय कळतंय? तोंडाला आलं ते बोलले. पण डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अरे! जुनी वाइन उघडून ठेवायची असते. ठाऊक होतं मला, घाबरून विसरलो! एक काचेची बरणी दे."

"लोणच्याची?" शेठ ओरडले.

"धुतलेली!" मी बी ओरडले.

डॉक्टरांनी हलक्या हातानं वाइन बरणीत ओतली, गाळ तेवढा बाटलीत ठेवला. मग पाट मांडले. रश्शानं शेठच्या नाकातोंडातून पाणी आलं, तरी भाकरीवर भाकरी मागत होते. हात धुतल्यावर डॉक्टरांनी पुन्हा घोट घेतला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"कुसाबाई, वास तरी घे."

मी नाक लावलं. पिकल्या जांभळाचा वास, आणि त्याखाली आमच्या पेवाच्या मातीचा. बाई गं, काय जीव हलका झाला!

शेठनी गुपचूप पेला पुढं केला.

"राहू द्या शेठ," मी म्हटलं, "सिरका हाय तो." सगळे खो खो हसले, शेठ बी हसले.

निघताना डॉक्टर म्हणाले, "उरलेल्या अजून दहा वर्षं ठेव."

त्यांनी सत्तरी ओलांडली होती. "आणि उघडायला कोण येणार?" मी आवाज चढवून विचारलं.

"मीच. तू मटण कर."

मालक पेवाचं तोंड मातीनं लिंपत होते. मी म्हटलं, "असं नाय चालायचं. आधी वचन द्या."

डॉक्टर गुडघ्यावर हात ठेवत कसेबसे वाकले आणि त्या ओल्या मातीवर त्यांनी आपला पंजा दाबला.

आता पडवी सारवताना मी तेवढी जागा सोडून सारवते.