टोपीतलं अंडं आणि माझा आखूड पाय

दोष फायविशचा आहे. नाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. तो आज शावेलिश्कच्या येशिवाचा, म्हणजे ज्यू धर्मग्रंथ शिकवणाऱ्या पाठशाळेचा, प्रमुख आहे, त्याची दाढी पोटापर्यंत पोहोचली आहे, आणि तो दिसला की लोक रस्त्याच्या कडेला सरकून उभे राहतात. राहू देत. दोष त्याचाच आहे.

मी श्टेंडर बोलतोय. उभ्यानं पोथी वाचायची, उतरत्या फळीची लाकडी घोडी असते ना, तोच मी. येशिवात प्रत्येक विद्यार्थ्यापुढे आमच्यापैकी एक असतो. विद्यार्थी आमच्यावर कोपरं टेकतात, रडतात, वाद घालताना बुक्क्या मारतात आणि डुलक्या काढताना लाळ गाळतात. मी मात्र थेट थोरल्या रब्बींच्या पुढ्यात होतो. आता बुन्यामावशीच्या शेळीच्या खोपटात आहे. शेळी माझ्यावर पाठ घासते. तिची तक्रार नाही, ती निदान ज्यासाठी येते ते काम पुरं करून जाते.

माझा जन्म शुक्रवारचा. तिथेच घोटाळा झाला. शुक्रवारी सूर्य टेकला की शब्बाथ लागतो, आणि मग सुतारानं करवतीकडे बघायचंसुद्धा नाही. आमच्या सुतारानं तीन पाय नीट जमवले. चौथा करताना त्याचा एक डोळा खिडकीतल्या उन्हावर होता, त्यामुळे पुढचा डावा पाय दोन बोटं आखूड कापला गेला. सुतार म्हणाला, "असू दे. रविवारी बाकीचे तीन तेवढेच कापतो." साधा, सरळ उपाय.

रविवारी सकाळी करवतीच्या आधी फायविश आला. तेव्हा तो रब्बींचा पहिल्या बाकावरचा शिष्य होता.

"झालं तयार?"

"पाय जुळवायचेत. बस, चहा घे."

"रब्बी तिकडे हातात पोथी धरून तिष्ठत उभे, आणि मी इथे चहा पिऊ?"

"अरे, चहा होईस्तोवर कापून देतो!"

"विद्येला खोळंबा नको," असं म्हणून फायविशनं मला खांद्यावर टाकलं. रब्बी त्या वेळी घरी बसून लापशी खात होते.

रब्बी तोद्रोस विद्वान होते, त्यात वाद नाही. आसपासच्या गावांतले रब्बी कुठे अडले की त्यांनाच पत्र लिहीत. पण त्यांना स्वतःच्या कोटाची बटणं कधी नीट लावता आली नाहीत. त्यांनी माझ्यावर पोथी ठेवली, मी डुगडुगलो. त्यांनी डावं कोपर माझ्या कोपऱ्यावर दाबून धरलं, मी थांबलो. कुरकुर केली नाही, सुताराला बोलावलं नाही. तसंच डावीकडे कलून त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

आणि काय शिकवायचे हो! मी नवं लाकूड, काही ऐकलेलं नाही, काही पाहिलेलं नाही. त्यांनी प्रश्न टाकला: शेजाऱ्याची कोंबडी तुझ्या टोपीत अंडं घालून गेली, तर ते अंडं कुणाचं?

मला वाटलं, हे काय, कोंबडीवाल्याचं. रब्बी म्हणाले, थांबा. जागा कुणाची? टोपीवाल्याची. मग वाटलं, बरोबर, टोपीवाल्याचं. रब्बी म्हणाले, थांबा. टोपी उसनी आणलेली असेल तर? टोपी डोक्यावर असेल तर? डोक्यावर असून माणूस झोपलेला असेल तर? हिवाळाभर आम्ही त्या अंड्याभोवती फिरत होतो. गेट्सेल नावाचा एक हाडकुळा विद्यार्थी होता. येशिवाच्या रिवाजाप्रमाणे तो रोज वेगळ्या घरी जेवायचा. बुधवारी बुन्यामावशीकडे, म्हणजे रब्बींच्या बायकोकडे, आणि गुरुवारी कुणाकडेच नाही. गुरुवारी अंड्याचा विषय निघाला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या प्रश्नात जीव गुंतलेले आम्ही दोघेच, तो आणि मी.

बाकीच्यांचं लक्ष कोपराकडे होतं.

फायविशनं सुरुवात केली. रब्बी डावीकडे कलतात, म्हणून तोही कलला. मागच्या बाकावरच्या कुणीतरी विचारलं, "तू का कलतोस रे?" फायविशनं आवाज खाली आणला. "हृदय कुठल्या बाजूला असतं?" झालं. आठवडाभरात सगळा वर्ग डावीकडे कललेला. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, इमारत खचतेय.

रब्बींना पत्ता नव्हता. त्यांना वाटलं, यंदाची पोरं जरा अशक्त निघाली.

मग एक दिवस रब्बी म्हणाले, "अंड्याचं उत्तर खरं तर सोपं आहे. उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी ते उभे राहिले, घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि त्यांना शिंक आली. कोपर सुटलं. मी कललो. पोथी घसरली, ती रब्बींनी हनुवटीनं अडवली.

"अरे, याच्या पायाखाली काहीतरी सरकवा रे कुणीतरी," रब्बी दाढीतून म्हणाले.

दुसऱ्या कुठल्याही गावात लाकडाची ढलपी सरकवली असती आणि लोक कामाला लागले असते. पण हे शावेलिश्क. फायविशनं हात वर केला.

"काय सरकवायचं, रब्बी?"

"ढलपी सरकव."

"पण ढलपी श्टेंडरला आधार देणार, श्टेंडर पोथीला. म्हणजे ढलपी पोथीच्या सेवेला लागली. मग ती पवित्र झाली की नाही? आणि झाली, तर उद्या ती चुलीत घालता येईल का?"

गेट्सेल म्हणाला, "चुलीत घालायची कशाला? पायाखाली राहू दे की."

"आणि झिजली तर? तिला पुरावं लागेल का?"

"तुलाच पुरतो. रब्बी, अंड्याचं सांगा ना!"

पण रब्बींचे डोळे चमकले होते. आता मी म्हाताऱ्यावरही बोलणार आहे, मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये म्हणतात तरी बोलणार आहे. त्यांनी तेव्हा फायविशला गप्प बसवायला हवं होतं. त्याऐवजी ते म्हणाले, "सुरेख प्रश्न!" आणि अंडं राहिलं बाजूला. वसंत ढलपीत गेला. बाकाची ढलपी चालेल का? नाही, बाक दात्यानं बसायला दिलाय. कागदाची घडी? अक्षरं असलेला कागद पायाखाली कसा घालणार? कोऱ्या कागदाची? त्यावर कुणी काही लिहिणार होतं की नाही, ते आधी विचारा. भाकरीचा तुकडा? गेट्सेल ओरडला, "भाकरी मला द्या!" मी हे सगळं तीन पायांवर उभं राहून ऐकत होतो. मला कुणी विचारलं नाही.

पुढच्या थंडीत रब्बी गेले. झोपेतच गेले, चेहऱ्यावर हसू होतं. बहुतेक ढलपीचा नवा मुद्दा सुचला असावा. उत्तर त्यांच्याबरोबर गेलं, असं तेव्हा मला वाटलं.

फायविश प्रमुख झाला. गादीवर बसल्यावर पहिलं काम काय केलं असेल? सुताराला बोलावलं. माझ्या लाकडात आनंदाची कळ उठली. आला, एकदाचा करवत घेऊन आला! फायविशनं माझ्याकडे बोट दाखवलं. "याला हात लावायचा नाही. हा रब्बी तोद्रोसांचा वारसा आहे. बाकीच्या सगळ्या श्टेंडरांचा पुढचा डावा पाय दोन बोटं आखूड कर."

सुतार म्हणाला, "वेड लागलंय का तुला?"

"तुला यातलं कळायचं नाही."

"लाकडातलं?"

"डावीकडचं."

ज्या करवतीनं माझे तीन पाय कापायचे, तिनं इतर सगळ्यांचा एकेक कापला. त्या दिवसापासून वर्गात आवाज असा, की चारशे बैलगाड्या खडीवरून चालल्या आहेत. शिंप्यांनी शावेलिश्कच्या पोरांच्या कोटांची डावी बाही ठिगळाच्या कापडाची शिवायला सुरुवात केली, कारण ती महिन्यात फाटायची. लग्न जुळवणारे मध्यस्थ पोराला दारातून आत येताना बघायचे आणि सासऱ्याच्या कानात सांगायचे, "शावेलिश्कचाच आहे, अस्सल आहे, बघा कसा कललाय." एका नवरदेवाचा लग्नमांडवात तोल गेला, तर सासू आनंदानं रडली.

आणि अंडं? कुणी नावही काढत नव्हतं. फायविश वर्षभर एकच विषय शिकवत होता, 'कलणं'.

शेवटी गेट्सेलला राहवलं नाही. एका सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. त्यानं स्वतःच्या डाव्या बुटाची टाच उपटली आणि माझ्या पायाखाली सरकवली. बरोबर दोन बोटं! मी सरळ उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला समोरची भिंत सरळ दिसली. भिंत छान होती.

"आता बघ," गेट्सेल मला म्हणाला, "आता तो पुढचा धडा घेतो की नाही."

वर्ग भरू लागला, तसा गेट्सेल टाचेविना लंगडत जागेवर गेला. वाटेत दोघांनी त्याचं कौतुक केलं. "वा, आज चालतानासुद्धा!"

फायविश आला. चांगला वजनदार गडी. त्यानं पोथी ठेवली, डोळे मिटले, उसासा सोडला आणि सवयीनं सगळं अंग माझ्या डाव्या कोपऱ्यावर टाकलं. टाच क्षणभर तगली. मग बुळकन निसटली. मी गेलो डावीकडे, फायविश गेला माझ्या मागोमाग, आणि त्याला धरायला धावलेले सगळे त्यांच्या तिरक्या श्टेंडरांना अडखळून त्याच्यावर पडले. ढिगाखालून फक्त दाढी बाहेर होती.

दाढीनं विचारलं, "ही टाच कुणाची?"

सगळे उभे राहिले. सगळेच कललेले, त्यामुळे टाच कुणाची गेलीय ते कळायला मार्गच नव्हता. गेट्सेल गप्प बसला असता तर सुटला असता. पण तो पुढे झाला.

"माझी. आता एवढं सांगा, अंडं कुणाचं?"

"कसलं अंडं?"

"टोपीतलं! रब्बी तोद्रोस हिवाळाभर शिकवत होते ते! तुम्ही पहिल्या बाकावर होतात!"

फायविशच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं, याला प्रश्नच आठवत नाहीये. हिवाळाभर हा माणूस पहिल्या बाकावर बसून फक्त कोपर बघत होता.

"चालता हो," फायविश म्हणाला.

गेट्सेल खरंच चालता झाला, एका टाचेवर, रीगाच्या रस्त्यानं. पुन्हा आला नाही. मला वाईट वाटलं आणि त्याचा हेवाही वाटला. त्याला निदान चालायला जुळते नसले तरी दोन पाय होते.

उरलो मी. प्रमुखांना आपटणारा श्टेंडर येशिवात ठेवणं शोभेना. पण पोथीच्या सेवेतली वस्तू, तिला मोडायचं कसं, जाळायचं कसं? त्यावर पुन्हा वाद झाला, तो मी ऐकला नाही, मुद्दाम नाही ऐकला. शेवटी 'सन्मानानं जतन करावी' म्हणून मला बुन्यामावशीकडे पाठवलं. बुन्यामावशीनं मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "नवरा गेला आणि मला काय मिळालं, तर हे डुगडुगं," असं म्हणून तिनं मला खोपटात उभं केलं. रब्बींची जुनी टोपी टाकायचं तिच्या जिवावर आलं होतं, ती तिनं माझ्या फळीवर उलटी ठेवली.

परवा सकाळची गोष्ट. शेजारच्या झ्लातेची तपकिरी कोंबडी खोपटात शिरली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, उडी मारून टोपीत बसली. थोड्या वेळानं उठली, ओरडली आणि निघून गेली.

टोपीत अंडं होतं.

मी थरथरलो नाही. थरथरून चालणार नव्हतं. बुन्यामावशी आली, मागोमाग झ्लाते.

"ए बुन्ये, ते अंडं माझं हं! माझ्या कोंबडीचं आहे."

"टोपी कुणाची आहे?"

"टोपीनं घातलं का अंडं?"

"मग तुझ्या कोंबडीला म्हणावं, स्वतःची टोपी घेऊन ये. मला शब्बाथसाठी कुगेल भाजायचंय, त्याला एक अंडं कमी पडतंय, देवानंच पाठवलंय."

"देवानं नाही, माझ्या तपकिरीनं पाठवलंय! मी फायविशकडे जाते न्यायाला."

"जा, जा. तो तुला कलायला शिकवेल." बुन्यामावशी कमरेवर हात ठेवून हसली. "अगं, याचा निवाडा तोद्रोसनं कधीच केलाय. जेवताना एकदा सांगितलं होतं त्यानं मला. आणि कारण असं छान सांगितलं होतं, की तुलासुद्धा पटेल. ऐक."

मी सगळं लाकूड कान करून ऐकू लागलो.

तेवढ्यात शेळीला पाठ घासावीशी वाटली. ती टेकली, मी डाव्या पायावर गेलो, टोपी उतारावरून घसरली आणि अंडं जमिनीवर फुटलं.

"झालं," झ्लाते म्हणाली.

"चल," बुन्यामावशी म्हणाली, "चहा टाकते."

दोघी गेल्या. अंडं शेळीनं चाटून टाकलं.

कधी शावेलिश्कला आलात, तर बुन्यामावशीला तेवढं विचारा, आणि विचाराल ते खोपटाच्या दारात उभं राहून, मोठ्यानं विचारा. सुतारालाही भेटलात तर सांगा, करवत घेऊन ये म्हणावं. तो येणार नाही, फायविशला भितो.

दोन बोटं लाकडापायी माझं शिक्षण अर्धवट राहिलं.