झाडूची हाळी

धुकं उतरलं की वोल्तेर्रा गाव डोंगरावर आहे हे फक्त पायांना कळतं. मांड्या भरून आल्या की समजायचं चढ लागला, वारा कानात शिरला की उतार. त्या रविवारी सकाळी सिरिओला स्वतःच्या सायकलचं पुढचं चाकसुद्धा अंदाजानंच वळवावं लागत होतं.

"आज राहू दे," तो जुन्या कमानीखाली जमलेल्या मंडळींना म्हणाला. कमानीवर तीन दगडी तोंडं आहेत, नाकडोळे झिजून गेलेली. तीही आज दिसत नव्हती.

सायकल-क्लबातली मंडळी हसायला लागली. नोव्हेंबरची फेरी आणि राहू दे? गावातल्या गल्ल्यांतून वरखाली करायचं, पश्चिमेच्या वेशीतून बाहेर पडायचं, बाल्झेच्या कड्याकडेनं एरा नदीच्या पुलापर्यंत उतरायचं आणि पुलाजवळच्या बारमध्ये रानडुकराच्या रश्श्यावर तुटून पडायचं. सिरिओचा आजोबाही हेच करत आला होता. सगळे शहाणेसुरते, बायकामुलांचे लोक, पण सायकलवर बसले की अक्कल घरी ठेवून येतात.

"कॅप्टनला सर्दी होईल," तिबेरिओ म्हणाला. हा औषधांचा दुकानदार, अंगानं गरगरीत, त्यामुळे रांगेत कायम शेवटून दुसरा. "नीवेस, बापाला मफलर दे गं."

"आईनं दिलाय. वारा लागू नये म्हणून छातीशी घालायला कालचा पेपरपण दिलाय," नीवेस म्हणाली. "बाबा, निघायचं का? इथं उभं राहून गारठलो आपण."

नीवेस सिरिओची एकुलती एक. कॉलेज संपवून घरी आली आणि आल्या आल्या क्लबात झाडू झाली. रांगेत सगळ्यात मागे चालतो तो झाडू. कुणी दमलं, कुणाचं चाक बसलं, तरी त्याला सोडून झाडूनं पुढे जायचं नाही. आज निघताना लोरेदानानं नवऱ्याला दारात अडवून सांगितलं होतं, पोरीला मागे ठेवू नकोस. सिरिओनं ते लेकीच्या कानावर घातलं, आणि लेकीनं ते हसण्यावारी नेलं.

उतारावर या लोकांची एक रीत आहे. पुढच्याला खड्डा दिसला की तो ओरडतो, "खड्डा!" मागचा तेच त्याच्या मागच्याला ओरडून सांगतो, आणि असं करत हाळी शेवटपर्यंत जाते. शेवटी झाडू गळा काढून म्हणतो, "पोचलं!" ते सगळ्यात पुढे असलेल्या कॅप्टनला, म्हणजे सिरिओला, ऐकू आलंच पाहिजे. नाही आलं तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि मागे वळायचं. त्यात का, कशाला, काही विचारायचं नाही.

वेशीबाहेर पडल्यावर धुकं आणखी दाटलं. डावीकडे बाल्झे. तो कडा मातीचाच आहे आणि भुकेला आहे. त्यानं जुनं चर्च गिळलं, त्याच्या आधीच्या लोकांची थडगी गिळली, मठ ओकाबोका करून टाकला, आणि अजून दर पावसाळ्यात थोडं थोडं खातोच. गावातली माणसं त्याच्याबद्दल फारशी बोलत नाहीत.

"खड्डा!" सिरिओ ओरडला.

हाळी मागे गेली. लांबून, बारीक आवाजात, पण स्वच्छ उत्तर आलं, "पोचलं!"

पहिलं वळण गेलं. "दगड!" सिरिओ ओरडला.

"पोचलं!"

सिरिओच्या मनात काहीतरी खुपलं, पण काय ते लगेच ध्यानात येईना. पुढे एक ट्रॅक्टर दिसला तेव्हा त्यानं पुन्हा हाळी दिली आणि मग त्याच्या लक्षात आलं. तिबेरिओचा घोगरा आवाज यायच्या आधीच "पोचलं" आलं होतं. हाळी तिबेरिओपर्यंत गेली नाही तर त्याच्या मागे असलेल्या नीवेसला ती कळली कशी? धुक्यात आवाज फसवतो, त्यानं स्वतःची समजूत घातली. उत्तर येत होतं ना? आवाज लेकीचाच होता ना? मग झालं तर.

पुलापाशी बारच्या दिव्याचा पिवळा डाग दिसला आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. एकेक जण धुक्यातून बाहेर पडत सायकल भिंतीला टेकवायला लागला. तिबेरिओ धापा टाकत आला. त्याच्या मागे कुणीच आलं नाही.

"नीवेस कुठाय?" सिरिओनं विचारलं.

"ही काय, मागे," म्हणत तिबेरिओ वळला. "अरे, आत्ता होती! अगदी पाठीशी होती. शेवटच्या हाळीला तर माझ्या कानातच ओरडली. मी म्हटलंसुद्धा, पोरी, जरा अंतर ठेव."

"दिसली तुला?"

"उतारावर मागे वळून कोण बघतं? आवाज येत होता की."

सिरिओनं तिला फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिनं उचलला नाही. "बारवाल्याची गाडी घे आणि मागून ये," एवढंच तिबेरिओला सांगून तो सायकलवर बसला आणि आला त्याच रस्त्यानं उभ्यानं पायडल मारत वर निघाला. या वयात असा चढ चढणाऱ्याला एरवी लोकांनी वेड्यात काढलं असतं. वाटेत तो लेकीला नावानं हाका मारत होता. हाळी द्यायची मात्र त्याला हिंमत झाली नाही, कारण उत्तर आलं असतं तर काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

वेशीखालच्या त्या पहिल्या वळणावर रस्त्याचा कठडा तुटला होता आणि गवतात चाकाची ओळ कड्याकडे गेली होती.

"बाबा?" खालून आवाज आला.

तो पालथा पडून काठावरून खाली वाकला. दोन माणसांच्या उंचीइतकं खाली, मातीच्या एका थरावर, नीवेस अंग चोरून बसली होती. पाय विचित्र वळला होता, चेहरा चिखलानं माखला होता. पण होती. सिरिओला रडू फुटलं आणि त्यानं ते आवरलं नाही.

"रडतोस काय, दोर टाक!" ती म्हणाली, आणि मग तीही रडायला लागली. "थांबला का नाहीस तू? फोन खिशातून पार खाली पडला. तिथं वाजत होता, मला ऐकू येत होता. छातीत असा मार बसला की तोंडातून आवाज निघेना. तुझी हाळी ऐकली. म्हटलं, बरं झालं, आता उत्तर जाणार नाही, सगळे थांबतील, वळतील..."

"उत्तर आलं, नीवेस."

"माहितीये," ती अगदी हळू म्हणाली. "मी पण ऐकलं. माझ्या डोक्यावरून, रस्त्यावरून गेलं ते. माझाच आवाज होता, बाबा. तुमच्याबरोबर खाली गेला."

तेवढ्यात तिबेरिओ गाडी घेऊन पोचला. खिशातल्या सायकलच्या जादा ट्यूबा एकमेकींना बांधून दोघांनी तिला वर ओढलं. तिबेरिओनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा खाली उतरणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं आणि छातीवर क्रुसाची खूण केली. एरवी चर्चला जाणाऱ्यांची टिंगल करणारा माणूस तो. तिला मागच्या सीटवर आडवं केलं, सिरिओनं आपलं जाकीट तिच्या अंगावर घातलं आणि तिचे गार पडलेले हात चोळत बसला. हात हळूहळू ऊब धरायला लागले. आता तिच्या आईला कळवायला हवं होतं, पण घाबरवायचं नव्हतं.

"लोरेदाना, ऐक," तो फोनवर म्हणाला. "काळजीचं काही नाही. नीवेसला जरा लागलंय, आम्ही दवाखान्यात..."

"हो, बघितलं ना मी," लोरेदाना म्हणाली. "सांगितलं होतं तुला, मागे ठेवू नकोस! केवढी माखून आलीय. एकटी आली चालत, तुम्ही कुणी सोडायलाही आला नाहीत. एक शब्द बोलत नाहीये माझ्याशी. आत्ताच शेकोटीपाशी बसवलंय, पण हात काही केल्या गरमच होत नाहीत तिचे."

लोरेदानाचा आवाज गाडीभर ऐकू येत होता. नीवेसनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

"आई!" ती किंचाळली. "ऊठ तिथून! तिच्याजवळून ऊठ, आई!"

पलीकडे शेकोटीतलं लाकूड तडतडलं. मग लोरेदाना दबक्या आवाजात म्हणाली, "सिरिओ, तुझ्याजवळ कोण बसलंय?"