रहिमुन्निसाबींची दवाखान्याची पिशवी

जरा सावकाश बोलते. चेन अर्ध्यावर अडकलीय आणि बंद सैल पडलेत. मी पिशवी बोलतेय. बाजारहाटाची नव्हे, दवाखान्याची. माझ्या पोटात साडेचार वर्षांचे कागद आहेत, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा कंटाळा आलाय.

टेंभुर्णीच्या रस्त्याकडेला कमरोद्दीनमियांचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या आणि मोटारसायकलींच्या सीटा शिवायचं. त्यांच्या बायकोचं, रहिमुन्निसाबींचं, खोकल्याचं दुखणं लांबत गेलं आणि घरात एक्स-रे साचायला लागले. साध्या पिशवीत एक्स-रे वाकतो, आणि वाकला की डॉक्टर ओरडतात. मग मियांनी एका एक्स-रेचं माप घेतलं, ट्रॅक्टरच्या सीटचं उरलेलं काळं रेग्झिन काढलं आणि मला शिवलं. शिवण दोनदा मारली. "गडी धा वर्षं बसला तरी उसवणार न्हाई," असं शेजारच्या दुकानदाराला सांगत होते. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आता वाटतं, सीटच झाले असते तर निदान शेतात तरी गेले असते.

माझ्या पोटात सगळ्यांत खाली टीबीचं जुनं कार्ड आहे. रहिमुन्निसाबींना आधी टीबी सांगितला होता. सहा महिने गोळ्या झाल्या. खोकला थोडा बसला, परत उठला. पुन्हा गोळ्या, त्या जास्त दिवसांच्या. तरी सकाळी उठल्या की तासभर खोकायच्या आणि वजन उतरतच होतं.

पहिल्या वेळी कुणीतरी सांगितलं होतं, लहान लेकराला जवळ घेऊ नका. नात अर्शिया तेव्हा सहा महिन्यांची होती. परवेजची, म्हणजे मुलाची, पहिलीच मुलगी. रहिमुन्निसाबींनी ते मनावर घेतलं ते कायमचंच. आपल्या खोलीचा उंबरा त्यांनी हद्द ठरवली. अर्शिया उंबऱ्याबाहेर, दादी आत. गोष्टी सांगायच्या त्या तिथूनच, तोंडाला ओढणी लावून. सून सबिहा म्हणायची, "अम्मी, अब तो गोलियां हो गईं." त्या मान हलवायच्या. थुंकीत जंतू अजून दिसतात म्हटल्यावर त्यांचा धीर होत नव्हता. खोकला राहिला तरी चालेल, पण लेकरू जवळ घेता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. खुंटीवरून मी रोज हे बघत होते.

दवाखान्यात मी माणसांची एक सवय पाहिली. प्रत्येक डॉक्टर वरचा कागद बघतो, त्यावर लिहितो आणि नवा कागद वर ठेवतो. खालचा कागद कुणी काढत नाही. आणि एसटीत शेजारची बाई आधी आपुलकीनं विचारते, "काय झालंय हो?" ऐकलं की पुढच्या स्टॉपला जागा बदलते.

शेवटी जालन्यातल्या एका तरुण डॉक्टरनं डोकं खाजवलं. थुंकीत जंतू दिसतात, पण मशीनवरच्या तपासणीत टीबी येत नाही, असं कसं? तो म्हणाला, टीबीसारखे दिसणारे दुसरेही जंतू असतात. त्यांची तपासणी इथं नाही. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात दर गुरुवारी छातीची खास ओपीडी असते, तिथं जा.

तिथून आमचे गुरुवार सुरू झाले. पहाटे फजरची नमाज झाली की निघायचं. टेंभुर्णी ते जालना एक बस, पुढं दुसरी, पुढं रिक्षा. पहिल्या गुरुवारी तिथल्या डॉक्टरबाई रजेवर होत्या. दुसऱ्या गुरुवारी नंबर लागेपर्यंत वेळ संपली. तिसऱ्या गुरुवारी डॉक्टर राजनंदिनी भेटल्या. त्यांनी मला टेबलावर पालथं केलं आणि तळापासून एकेक कागद वाचायला घेतला. मला पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण वाचत होतं. मी खूश झाले, कशाला खोटं बोलू.

त्या म्हणाल्या, "थुंकीतले जंतू वाढवून बघावे लागतील. सहा आठवडे लागतात. एक नमुना घरून सकाळचा आणा, एक इथे द्या." सीलबंद डबी दिली.

सहा आठवडे सहा महिन्यांसारखे गेले. मग रिपोर्ट आला. घरच्या नमुन्यात जंतू उगवला होता, दवाखान्यातल्या नमुन्यात काहीच नव्हतं. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "घरी नमुना कसा दिला ते सांगा. अगदी पहिल्यापासून."

"डबी धुतली, मंग दिला," रहिमुन्निसाबी म्हणाल्या.

"धुतली?"

"तीनदा खंगाळली, बाई. आमच्याकडं दुकानातून आणलेला पेलाबी तीनदा खंगाळल्याबिगर वापरत न्हाईत. ती तर दवाखान्यातली. कुनाकुनाचे हात लागले असतील."

टाकीचं पाणी. मी तिथंच होते, मला तर त्यांची स्वच्छता बघून अभिमान वाटला होता. डॉक्टर राजनंदिनी रागावल्या नाहीत. त्यांनी समजावलं की हा जंतू पाण्यातच राहतो, टाकीत, नळात. तेव्हा डबीत उगवला तो छातीतला की टाकीतला, हे सांगता येत नाही. आणि नक्की नसताना इतक्या मोठ्या औषधांना हात घालता येत नाही. परत दोन नमुने, वेगवेगळ्या दिवशी. परत सहा आठवडे.

"आणि लेकराचं?" रहिमुन्निसाबींनी विचारलं.

"नक्की झाल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

घरी आल्यावर रहिमुन्निसाबींनी मला खुंटीला अडकवलं आणि म्हणाल्या, "बस हो गया. अब मैं नहीं जाती." दोन गुरुवार गेले. मियांनी विचारून पाहिलं, परवेजनं रागावून पाहिलं. मी म्हणेन, मलाही बरंच वाटत होतं. खुंटीवर विश्रांती होती.

तिसऱ्या बुधवारी दुपारी अर्शिया अंगणात बाहुली घेऊन खेळत होती. बाहुली सारखी दादीच्या उंबऱ्याकडे चालायला बघायची आणि अर्शिया तिला मागं ओढायची. "नक्को जा. दूर बैठ. दादीकू खांसी है, तेरेकू लगती." मग बाहुलीला भिंतीपाशी बसवून तिच्या तोंडाला फडकं बांधलं.

रहिमुन्निसाबी आतून बघत होत्या. त्या रडल्या, आवाज न करता. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मला खुंटीवरून त्यांनी स्वतः काढलं.

या वेळी डबी कुणी धुतली नाही. दोन्ही दिवशी सील फोडलं, नमुना दिला, झाकण लावलं. धुवायची सवय हाताला इतकी होती की मियांनी तेवढा वेळ त्यांचा हात धरून ठेवला. परत सहा आठवडे.

आणि आज तो गुरुवार झाला. डॉक्टर राजनंदिनींनी रिपोर्ट पुढं ठेवला. "दोन्ही नमुन्यांत तोच जंतू आलाय. म्हणजे तुमच्या छातीतलाच आहे, आणि तो टीबीचा नाही. औषधं तीन आहेत. थुंकी साफ झाल्यावरही पुढं वर्षभर घ्यायची. मधेमधे डोळे तपासायचे. त्रास होईल, पण मधेच सोडायचं नाही."

रहिमुन्निसाबींनी गोळ्यांबद्दल काहीच विचारलं नाही. "लेकराला लागंल का?"

"हा जंतू सहसा माणसापासून माणसाला लागत नाही. नातीला खुशाल जवळ घ्या."

"बिलकुल घेऊ?"

"बिलकुल घ्या."

कमरोद्दीनमियांनी रुमालात तोंड खुपसलं. साठीचा माणूस भरल्या ओपीडीत रडला. रहिमुन्निसाबी मात्र उठल्याच. त्यांना बस धरायची होती.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही घरी आलो. त्या आज उंबरा ओलांडून आत गेल्या नाहीत. अंगणातच बसल्या, मला समोर ठेवलं आणि दोन्ही हात पसरले. "आ जा मेरे पास."

अर्शिया भिंतीला चिकटून उभी राहिली. "नक्को दादी. आपकू खांसी है ना."

सबिहानं समजावलं. मियांनी समजावलं. ती जागची हलली नाही. पाच वर्षांच्या पोरीनं शहाण्यासारखं तोंडावर हात ठेवला, तिला शिकवलं होतं तसा. रहिमुन्निसाबींचे हात बराच वेळ तसेच होते. मग त्यांनी ते मांडीवर घेतले. "रहने दो," म्हणाल्या, "आएगी."

मी अजून अंगणातच आहे, दोघींच्या मधे. उद्यापासून माझ्यात गोळ्या येतील, पुढचे गुरुवार येतील. तेवढे मी वाहीन, तक्रार करणार नाही. अर्शिया, तुला अजून वाचता येत नाही, नाहीतर सगळ्यांत वरचा कागद तुला दाखवला असता. त्यात भिण्यासारखं काही नाही गं. दादी थकलीय. तू जा तिच्याजवळ. मी वाटेत पडलेय ना, मला ओलांडून जा.